साडेसहा फुटी मॉडेल रॉकेट: बांधणी, फेरफार आणि फसलेले पहिले उड्डाण

उंचउडी (धागाकर्ता)

नमस्कार. गेली चार वर्षे मी आणि माझी मुलगी कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या पूर्वेला असलेल्या माळरानावर, मॉडेल रॉकेट उडवतो आहोत. या छंदाशी या प्रदेशाचे नाते जुने आहे. व्हर्न एस्टिस यांनी १९५८ साली डेन्व्हरमध्येच यंत्राने रॉकेटच्या मोटरी, म्हणजे दारू ठासलेल्या छोट्या नळ्या, बनवण्यास सुरुवात केली आणि काही वर्षांतच कारखाना याच राज्यातील पेनरोज या गावी हलवला. त्यांच्याच कंपनीचा ‘मीन मशीन’ हा जुना आणि प्रसिद्ध कीट आम्ही यंदा हिवाळ्यात बांधला. त्याची उंची सुमारे साडेसहा फूट आणि व्यास जेमतेम ४१.६ मिलिमीटर, म्हणजे लांबी व्यासाच्या जवळजवळ अठ्ठेचाळीस पट. दिवाणखान्यात उभा केल्यावर तो रॉकेटपेक्षा पडद्याच्या दांडीसारखाच अधिक दिसत होता, असे घरच्यांचे प्रामाणिक मत पडले.

बांधणी अवघड नव्हती, पण चिकाटीची होती. कागदी नळ्यांचे तुकडे आतून जोडनळ्या घालून एकमेकांना चिकटवायचे, बाल्सा या हलक्या लाकडाच्या पातळ फळीचे पंख शेपटाकडे लावायचे, २४ मिलिमीटरच्या मोटरीसाठी आत खोबण बसवायची आणि वर शंकू. नळीवरच्या सर्पिल रेघा पुट्टीने बुजवून, पॉलिश पेपरने घासून, दोन हात प्रायमर आणि तीन हात रंग दिला. रंग फारच सुरेख झाला होता.

पहिल्या उड्डाणासाठी डी१२-५ ही मोटर घातली. रॉकेट सुरुवातीला दिशा देणाऱ्या चार फुटी उभ्या रॉडवरून संथपणे निघाले, रॉड सुटताच वाऱ्याच्या दिशेने झुकले, एक लांबट कमान काढून वळले आणि तोंड खाली करून येऊ लागले. पॅराशूट बाहेर ढकलणारा बार उडाल्याचा आवाज आम्ही ऐकला, शंकू निघालेलाही दिसला, पण पॅराशूट नळीतच अडकून राहिले. वरचा दीड फुटाचा भाग जमिनीवर आपटून चुरगळला. पंख आणि मोटरीची खोबण मात्र शाबूत आहेत.

दुरुस्ती करणारच आहे, पण ती करताना काही फेरफारही करावेत असा विचार आहे. जाणकारांनी कृपया सांगावे की नेमके काय चुकले आणि कोणता बदल आधी करावा.

सुतारपक्षी

मी पुण्यात लाकडी खेळणी बनवतो. रॉकेट कधी उडवलेले नाही, परंतु कागदी नळ्या आणि गोंद यांच्याशी रोजचा संबंध आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो.

चुरगळलेला भाग धारदार पात्याने, नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेने, अगदी काटकोनात कापावा. नवा तुकडा जोडताना फेव्हिकॉलसारखा पाण्यातला गोंद वापरणार असाल तर हात थांबवू नका. गोंदातले पाणी कागद शोषून घेतो, कागद फुगतो आणि जोडनळी अर्ध्या वाटेवरच अशी घट्ट धरते की मग ती ना पुढे जाते ना मागे येते. त्यापेक्षा सावकाश घट्ट होणारे इपॉक्सी बरे, कारण सरळपणा तपासायला उसंत मिळते. सरळपणासाठी अॅल्युमिनियमचा लांब अँगल उलटा ‘व्ही’ नव्हे तर सुलटा, खोबण वर करून, टेबलावर ठेवा आणि त्या खोबणीत संपूर्ण नळी आडवी झोपवून गोंद वाळू द्या. चार सांध्यांत प्रत्येकी अर्धा अंश जरी चूक राहिली तरी इतक्या लांबीवर नळीचा धनुष्यासारखा बाक डोळ्यांना दिसेल.

गणिती

उंचउडी, तुम्ही सगळे सांगितले, पण एक आकडा सांगितला नाही. मोटर घालून रॉकेटचे वजन किती भरले होते?

उंचउडी

प्रश्न वर्मी लागला. उडवण्यापूर्वी वजन केलेच नव्हते. आता तुकडे, पॅराशूट आणि न वापरलेली तशीच एक मोटर एकत्र तराजूवर ठेवून पाहिले, तर ३१८ ग्रॅम भरले. बांधणीत जोडनळ्या मी कीटमधल्यापेक्षा लांब घातल्या होत्या, आणि रंगाचे म्हणाल तर डबा रिकामा झाला होता.

गणिती

मग निम्मे उत्तर तिथेच आहे. डी१२-५ साठी उत्पादकाने दिलेली उड्डाणवजनाची मर्यादा २८३ ग्रॅम आहे आणि डी१२-३ साठी ३९६ ग्रॅम. मोटर दोन्हींत तीच आहे, जोरही तोच आहे. नावातले अक्षर मोटर किती मोठी आहे ते सांगते आणि शेवटचा आकडा हा जळण संपल्यापासून पॅराशूटचा बार उडेपर्यंतचे सेकंद दाखवतो. रॉकेट जड असले की त्याला कमी वेग मिळतो, ते शिखरावर लवकर पोहोचते, आणि पाच सेकंद संपेपर्यंत ते वळून वेगाने खाली येऊ लागलेले असते. माझ्या ढोबळ हिशेबाने तुमचे रॉकेट जळण संपल्यावर साधारण साडेतीन सेकंदांत शिखरावर पोहोचले असावे. म्हणजे पॅराशूट दीड सेकंद उशिरा, तेही उताराला लागल्यावर, सुटायचे होते.

उरलेले निम्मे उत्तर रॉडवर आहे. तुमच्या रॉकेटवर रॉडसाठी लावलेल्या छोट्या नळ्या, म्हणजे लग, बुडापासून किती उंचीवर आहेत?

उंचउडी

एक अगदी खाली आणि दुसरा बुडापासून सुमारे ६० सेंटिमीटरवर. रॉड १२० सेंटिमीटरचा होता आणि त्यातले दहा सेंटिमीटर खाली, ज्वाळा अडवणाऱ्या पत्र्यापर्यंत गेले.

गणिती

तर मग वरचा लग अवघ्या ५० सेंटिमीटर प्रवासानंतर रॉडवरून सुटला. त्यानंतर रॉकेट एकाच लगवर लोंबकळत होते, म्हणजे रॉडचे मार्गदर्शन व्यवहारात तिथेच संपले. उंच रॉकेट बांधणारे बहुतेक जण इथेच फसतात, कारण रॉड चार फुटी असला तरी रॉकेटला मिळणारा रॉड चार फूट नसतो.

डी१२ ही मोटर पहिल्या तीन दशांश सेकंदांत जोर वाढवत नेते, क्षणभर ३० न्यूटनच्या आसपास पोहोचते आणि मग दहाएक न्यूटनवर उतरून सुमारे १.६ सेकंदांपर्यंत जळत राहते. ३१८ ग्रॅम वजन धरून हिशेब केला तर ५० सेंटिमीटरवर वेग सेकंदाला जेमतेम ७ मीटर येतो, आणि मार्गदर्शन दीड मीटर मिळाले असते तर तोच वेग साडेबारा मीटरच्या घरात गेला असता. त्या दिवशी वारा सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी १४ किलोमीटर, इतका साधा धरला तरी ७ मीटर वेगाने निघालेल्या रॉकेटवर हवा नाकासमोरून नव्हे, तर जवळजवळ ३० अंशांनी तिरकी येते.

कुतूहल

मी नाशिकला शाळेत विज्ञान शिकवते. एक मूलभूत शंका आहे. दिवाळीतील बाणाला लांब काडी असते आणि काडी मोडलेला बाण कुठेही भरकटतो, हे मुलांनाही ठाऊक असते. यावरून लांबी जितकी अधिक तितके रॉकेट स्थिर, असे मी आजवर समजत आले. मग हे साडेसहा फुटी रॉकेट डळमळीत का व्हावे?

गणिती

कुतूहल ताई, तुमचे उदाहरण अगदी योग्य आहे आणि त्यातच उत्तरही आहे. बाणाची काडी वजनाला हलकी, पण फार मागेपर्यंत गेलेली असते. त्यामुळे वजनाचा तोल ज्या बिंदूवर राहतो तो गुरुत्वमध्य थोडाच मागे येतो, आणि हवेचा आडवा दाब ज्या बिंदूवर एकवटल्यासारखा वागतो तो दाबमध्य मात्र खूप मागे जातो. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर हवा रॉकेटचे तोंड पुन्हा वाटेवर आणते. मॉडेल रॉकेटात काडीचे काम पंख करतात.

हे अंतर व्यासाच्या मापात मोजण्याची पद्धत आहे. एक व्यास म्हणजे एक कॅलिबर, आणि निदान एक कॅलिबर अंतर असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. दाबमध्य काढण्याची सोपी रीत नासात अभियंता असलेल्या जेम्स बॅरोमन यांनी १९६०च्या दशकात छंदिष्टांना उपलब्ध करून दिली आणि आजही आपण बहुतेक तीच वापरतो. परंतु त्या रीतीत एक गृहीत आहे. हवा फार तर थोड्या अंशांनीच तिरकी येते आणि पंखांच्या मानाने गुळगुळीत नळीवर आडवा दाब जवळजवळ येत नाही, असे ती धरून चालते. ठेंगण्या रॉकेटात याने फारसे बिघडत नाही. पण नळीच अठ्ठेचाळीस व्यास लांब असेल आणि हवा ३० अंशांनी येत असेल, तर नळी हाच एक मोठा पंख होतो, आणि हा पंख शेपटाकडे नसून मध्यावर असतो. त्यामुळे दाबमध्य पुढे सरकतो.

मी उंचउडींच्या मापांवरून ओपनरॉकेट या मोफत संगणक प्रणालीत मांडणी करून पाहिली. तीत हवेचा कोन बदलून दाबमध्य पाहता येतो. नाकापासून गुरुत्वमध्य १२२ सेंटिमीटरवर आला. हवा समोरून असताना दाबमध्य १७४ वर होता, म्हणजे अंतर ५२ सेंटिमीटर, अर्थात साडेबारा कॅलिबर, आणि हा आकडा पाहून कोणीही निश्चिंत होईल. कोन ३० अंश केल्यावर दाबमध्य १३६ च्या आसपास आला आणि अंतर १४ सेंटिमीटर उरले. कॅलिबरमध्ये ते अजूनही तीनाच्या वर आहे. पण कॅलिबर हे मापच इथे फसवे आहे, कारण व्यास इतका बारीक आहे की दोन बोटांचे अंतरही एका कॅलिबरजवळ जाते. म्हणून लांब रॉकेटांसाठी अनुभवी मंडळी लांबीच्या निदान १० टक्के अंतर मागतात. इथे ते २० सेंटिमीटर हवे होते आणि १४ च मिळाले.

माळकरी

मी टेक्सासमध्ये बरीच वर्षे उंच रॉकेट उडवतो. गणिती यांच्या हिशेबाशी सहमत आहे, पण निष्कर्षाला थोडा विरोध आहे. स्थिरता वाढवत नेली की रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवते, जशी कौलांवरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी वातकुक्कुट वळते. उंचउडींचे रॉकेट वाऱ्याकडे झुकले याचा अर्थ ते अस्थिर नसून उलट अतिस्थिर होते. अस्थिर रॉकेट हवेत कोलांट्या खाते, कमान काढत नाही.

गणिती

मान्य आहे, कोलांटी झाली नाही. पण झुकण्याचे प्रमाण केवळ स्थिरतेवर नाही, तर रॉकेटला वळवायला किती जड जाते यावरही ठरते. वजन तेच धरले तरी नळीचे वळण्याला विरोध करणारे जडत्व लांबीच्या वर्गाने वाढते, म्हणून ती सावकाश वळते, आणि एकदा वळू लागली की सावकाशच थांबते. तुम्ही म्हणता ते अतिस्थिर झुकणे आणि मी म्हणते ते रॉडवरून अपुऱ्या वेगाने निघणे, या दोहोंवर उपाय एकच आहे. रॉड सुटताना वेग वाढवला की हवेचा कोन कमी होतो आणि झुकायला कारणच उरत नाही.

माळकरी

उपायावर वाद नाही. त्यासाठी पातळ रॉड लांब करत बसू नका. सहा फुटी बारीक रॉड स्वतःच वेताच्या छडीसारखा लवतो आणि सुटताना रॉकेटला फटका देतो. अॅल्युमिनियमचा एक इंची खोबणीचा रेल, ज्याला सगळे १०१० म्हणतात, तो आठ फूट घ्या आणि लगऐवजी खोबणीत सरकणारी दोन बटणे लावा. वरचे बटण गुरुत्वमध्यापासून फार दूर नको, पण विनाकारण वरही नको.

पॅराशूटच्या बाबतीत सांगायचे तर तुमच्या मूळ अडचणीचे एक कारण अजून कोणी लिहिलेले नाही. बारात दारू ठरावीक असते. तिचा वायू तुमच्या नळीत किती जागेत पसरतो हे पाहा. आतला व्यास ४०.५ मिलिमीटर आणि लांबी सहा फूट धरली तर जवळपास २.४ लिटर होतात. एवढी पोकळी भरेपर्यंत वायू थंडही होतो आणि सांध्यांतून गळतोही. शंकू कसाबसा निघतो आणि पॅराशूट ढकलायला दाब उरत नाही. माझा सल्ला असा की शंकू कायमचा चिकटवून टाका आणि रॉकेट मधोमध उघडू द्या. पॅराशूट खालच्या अर्ध्या भागाच्या तोंडाशी ठेवा. पोकळी निम्म्यावर येईल, रॉकेट गाडीतही दोन तुकड्यांत मावेल आणि उतरताना दोन्ही भाग दोरीला वेगवेगळे लोंबत येतील.

सुतारपक्षी

मध्ये उघडणारा सांधा फार घट्टही नको आणि फार सैलही नको. वरचा भाग धरून उचलल्यावर खालचा स्वतःच्या वजनाने निसटू नये, पण हलका झटका दिल्यावर निसटावा. घट्टपणा कमी-जास्त करायला जोडनळीवर कागदी चिकटपट्टीचा एकेक वेढा वाढवत किंवा कमी करत जा. पावसाळी हवेत कागद फुगतो, हे मात्र पुण्यातला माणूस म्हणून आवर्जून सांगतो. सांधा त्याच दिवशी, त्याच मैदानावर तपासावा.

उंचउडी

सर्वांचे मनापासून आभार. दुरुस्ती पूर्ण झाली आहे, म्हणून केलेले बदल लिहितो.

चुरगळलेला भाग काढून नवी नळी लावली. शंकू न चिकटवता दोन छोट्या स्क्रूंनी पक्का केला, कारण त्यात १८ ग्रॅमचा उंचीमापक ठेवायचा होता. त्याला बाहेरच्या हवेचा दाब कळावा म्हणून नळीला तीन बारीक भोके पाडली. नाकातल्या या वजनाने गुरुत्वमध्य सुमारे सहा सेंटिमीटर पुढे आला, म्हणजे पंखांना हात न लावताच गणिती ताईंचे २० सेंटिमीटर पूर्ण झाले. मध्ये उघडणारा सांधा केला. त्याच्या खाली एकाआड एक दोन अर्धचंद्राकृती प्लायच्या चकत्या बसवल्या, जेणेकरून बाराच्या ठिणग्या चकत्यांना आपटून विझतील आणि पॅराशूट भाजणार नाही. तरीही थोडा न जळणारा कागद घालणारच आहे. दोन भाग जोडणारी दोरी चार मीटर, केव्हलार या उष्णता सोसणाऱ्या मजबूत धाग्याची घेतली. ती जिथे नळीच्या कडेवरून जाते तिथे कापडी चिकटपट्टीची जाड गुंडाळी केली, कारण बार उडताना वेग असेल तर ही दोरी कागदी नळी वरपासून खालपर्यंत चेन उघडावी तशी फाडते.

मोटरीची खोबण वाढवली. डी१२ ची लांबी ७० मिलिमीटर आणि ई१२ ची ९५ मिलिमीटर असते, व्यास मात्र दोन्हींचा २४. त्यामुळे लांब मोटरीसाठी खोबण केली आणि छोटी मोटर वापरताना जळून गेलेल्या जुन्या मोटरीच्या कवचाचा २५ मिलिमीटरचा तुकडा पुढे सारून जागा भरली. नव्या भागाला फक्त प्रायमर दिला आहे. जुना रंगही शक्य तितका घासून काढला, आणि प्रत्येक वेळी तराजूवर ठेवताना मुलगी हसत होती. डी मोटरीसह आता वजन ३२१ ग्रॅम आहे. इतके बदल करून केवळ तीन ग्रॅम वाढले, याचे श्रेय पॉलिश पेपरला आहे.

कुतूहल

हे सगळे वाचून शाळेत करून पाहण्याचा मोह होतो आहे. भारतात अशा मोटरी मिळतात का, किंवा मुलांकडून बनवून घेता येतील का?

माळकरी

ताई, मोटर बनवण्याचा विचार कृपया मनातही आणू नका. मॉडेल रॉकेटाचा हा छंद जन्मालाच यासाठी आला की मुलांनी घरी दारू ठासून हात गमावू नयेत. १९५४ साली नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी बुटांचे दुकान चालवणाऱ्या ऑरव्हिल कार्लाइल यांनी बदलता येणारी तयार मोटर असलेले पहिले मॉडेल रॉकेट बनवले आणि १९५७ साली इथली राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचे नियम साधे आहेत. रॉड उभ्या रेषेपासून ३० अंशांहून अधिक कलू नये, वारा ताशी ३२ किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, डी किंवा त्याहून लहान मोटरीला १५ फूट आणि मोठीला ३० फूट अंतर ठेवावे, आणि बटण दाबूनही मोटर पेटली नाही तर ६० सेकंद कोणी जवळ जाऊ नये. भारतात ही दारू विस्फोटक अधिनियम, १८८४ आणि त्याखालच्या २००८ च्या नियमांच्या कक्षेत येते. त्यामुळे परवान्याशिवाय आयात किंवा निर्मिती हा शाळेचा मार्ग नव्हे. बाटली, पाणी आणि सायकलचा पंप यांनी उडणाऱ्या पाण्याच्या रॉकेटवर गुरुत्वमध्य आणि दाबमध्याचे हे सारे प्रयोग होतात. काडीसारखी नळी जोडून ते उंचही करता येते.

उंचउडी

शनिवारी दोन उड्डाणे झाली. आठ फुटी रेल, सकाळची वेळ, वारा सेकंदाला तीन मीटरच्या आसपास.

पहिले डी१२-३ वर. या वेळी रॉकेट रेल सोडताना डगमगले नाही. ते सावकाशच उठले, इतके की धुराच्या रेषेवर उभा असलेला बांबू वर सरकतो आहे असे वाटले, पण सरळ उठले. शिखराशी थोडे कलताच बार उडाला, रॉकेट मधोमध उघडले आणि दोन्ही तुकडे पॅराशूटखाली डुलत आले. उंचीमापकाने ८८ मीटर दाखवले. उंची फारशी नाही, पण साडेसहा फुटी वस्तूला अठ्ठ्याऐंशी मीटरवर माणूस पूर्ण पाहू शकतो, आणि उंच रॉकेट बांधण्याचे निम्मे सुख त्यातच आहे.

दुसरे ई१२-४ वर. १७१ मीटर. याही वेळी सरळ गेले, परंतु बार थोडा लवकर उडाला, रॉकेटला अजून वेग होता, आणि गुंडाळी करूनही दोरीने नळीची कड दोन सेंटिमीटर फाडली.

माळकरी

पुढच्या वेळी ई१२-६ घालून पाहा. फाटलेल्या जागी आतून जोडनळीचा तुकडा चिकटवला तर कड दुप्पट जाड होईल.

गणिती

त्या तुकड्याचे वजन करून इथे लिहावे, ही विनंती.

उंचउडी

चार ग्रॅम. गोंद धरून पाच.